आलं, आलं… गेलं!

"काकी, ऐकलंस का? खालच्या घरी छत्री आली."

"शिमग्यात? पावसाला अजून तीन महिने आहेत."

"टीव्हीची छत्री गं."

काकीनं हातातलं सूप वईच्या खुंटावर टेकवलं. म्हणजे आता बातमी पूर्ण घेतल्याशिवाय ती हलणार नाही. आमची वई कारवीच्या काठ्यांची आणि निरगुडीची. पावसाआधी दोन्ही घरांनी मिळून बांधायची आणि मग वर्षभर तिला टेकून बोलायचं. दाभोशाला बाहेरचे लोक येतात ते धबधबा बघायला. लेंडी नदी तीनशे फूट खाली कशी उडी घेते त्याचे फोटो काढतात आणि जव्हारच्या रस्त्याला लागतात. पाड्यात काय चाललंय ते कळायला या वईपाशी यावं लागतं.

"टीव्ही होताच की त्यांच्याकडे," काकी म्हणाली. "लग्नात आलेला. त्याच्यावर नागलीचं पोतं ठेवत होती ती."

"नुसता टीव्ही होता. त्यात दिसणार काय? आता थोरला वीटभट्टीवरून आला ना होळीला. उचल फिटून जे हातात राहिलं त्यातून जव्हारच्या बाजारातून घेऊन आला. छत्री, बॉक्स, वायर, सगळं मिळून दोन हजारांच्या आत."

"आणि महिन्याचे किती?"

"काही नाही. एकदाच काय ते."

"एवढं फुकट कोण देतं? उद्या कशावर तरी अंगठा मागतील बघ."

काकीनं आयुष्यात फुकटच्या म्हणून आलेल्या बऱ्याच गोष्टी बघितल्या आहेत, म्हणून तिला नीट सांगितलं. दूरदर्शननं ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू केली तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं, आता ती डीडी फ्री डिश. खाजगी चॅनेलवाले प्रसार भारतीच्या लिलावात बोली लावून त्यात जागा घेतात. पैसे त्यांच्याकडून येतात, बघणाऱ्याकडून नाही.

"मग बरं," काकी म्हणाली. "आपल्याकडनं घेण्यासारखं आहे तरी काय. पण काल दिवसभर ओरडा कसला चालला होता? मला वाटलं बोहाड्याच्या सोंगांची तालीम."

तालीम नव्हती. खालच्या घरचा जावई पत्र्यावर चढला होता. तो छत्री फिरवायचा आणि विचारायचा, "आलं का?" आतून त्याची बायको टीव्हीसमोरून, "नाय!" दारात सासू उभी, ती आतलं बाहेर पोचवायची. अंगणात पोरं, ती सासूचं वर पोचवायची. आणि मध्येच सगळ्यांचा एकदम आवाज, "आलं, आलं…", जावयाचा हात थांबेपर्यंत पुढचं, "गेलं!" दिवस मावळेपर्यंत हेच.

"त्याला येत नव्हतं तर चढला कशाला?"

"जावई आहे. सासरी येत नाही असं कसं म्हणेल?"

काकी मनापासून हसली. मग इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "वरल्या घराची छत्री बघून लावत होता तो. मी बघितलं. तिकडं जाऊन हात लावून, मान वाकडी करून बघून आला."

खरी गोम तिथंच होती. वरल्या घरची छत्री दुसऱ्या कंपनीची, महिन्याला पैसे भरायची. आभाळात सगळ्यांचा मिळून एकच तारा नाही. टाटा प्लेचे उपग्रह पृथ्वीच्या मधल्या रेषेवर, विषुववृत्तावर, ८३ अंश पूर्व रेखांशाच्या वर. एअरटेलचा १०८.२ वर. फ्री डिशचा ९३.५ वर. सगळे साधारण छत्तीस हजार किलोमीटर उंच. त्या उंचीवर त्यांची फेरी पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच चालते, म्हणून खालून बघणाऱ्याला ते एका जागी खिळलेले. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून आपल्याला सगळेच दक्षिणेकडच्या आभाळात. पण दाभोसं पडतं ७३ रेखांशाच्या जरा पुढं. त्यामुळं ८३ वाला दक्षिणेच्या जवळ, १०८ वाला पूर्वेकडं झुकलेला, आणि फ्री डिशचा त्या दोघांच्या मध्ये, जवळजवळ बरोबर आग्नेयेला. शेजाऱ्याची छत्री बघून आपली लावायची तर आधी शेजारी कुणाला पैसे भरतो ते विचारायला हवं.

"आग्नेय-बिग्नेय मला सांगू नकोस. झाड सांग."

"खालच्या अंगणातून बघितलं तर तुझ्या मोहाच्या शेंड्याकडं."

काकीचा चेहरा बदलला. "माझ्या मोहाचं नाव काढलं का कुणी?"

अजून काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा भाचा मोखाड्याहून आला. आयटीआयला वायरमन झालेला, बोलायला कमी, हाताला चोख. खालच्या घरच्यांनी त्याला चहाला बोलावलं, आणि बशी खाली ठेवायच्या आत पाना हातात दिला. ही रीतच आहे. काकी तोवर वईपाशी येऊन उभी राहिली होती, सूप बरोबर घेऊन, पण पाखडायला त्यात काही नव्हतं.

भाच्यानं आधी सगळ्यांना पत्र्यावरून खाली उतरवलं. जावयानं छत्री ठोकली होती कुडाच्या वरच्या वाशाला. कारवीचा कूड वाऱ्यानं हलतो. आत झोपणाऱ्याला ते कळत नाही, छत्रीला कळतं. दोन फुटांच्या छत्रीची कड अर्धा सेंटिमीटर मागंपुढं झाली की तिची नजर एक अंशानं सरकते. इथला एक अंश वर उपग्रहापाशी पोचेपर्यंत सहाशे किलोमीटरहून जास्त होतो. एखाद-दीड अंशाची चूक छोटी छत्री पोटात घालते, त्यापुढं पडदा काळा. म्हणून त्यानं अंगणाच्या कडेला हातभर खड्डा घेतला, लोखंडी पाइप उभा केला, दगड आणि सिमेंट भरलं आणि गवंड्याचा ओळंबा मागवला.

"छत्रीला ओळंबा?" सासू म्हणाली. "भिंत बांधतोस का?"

पाइप ओळंब्यात नसेल तर पुढचं सगळं फसतं. छत्री डावीकडं फिरवली की ती खालीही जाते, उजवीकडं फिरवली की वर. दोन गोष्टी एकदम हलतात आणि मग कुठली चुकली ते कळत नाही. पाइप सरळ असेल तर एक गोष्ट कायमची बसवता येते, उंची. मग राहतं फक्त बाजूला फिरवणं.

उंचीवरून जावयाशी वाद झालाच. त्याचं म्हणणं, तारा वर आहे तर छत्री उताणी करा. दिसायला बरोबर वाटतं. आपल्याकडून तो उपग्रह क्षितिजाच्या वर सुमारे ५७ अंशांवर आहे, म्हणजे अर्ध्या आभाळाच्याही वर. पण घरगुती छत्रीचा एलएनबी, तो दांड्याच्या टोकाला असतो ना डोळ्यासारखा, तो मधोमध नसतो, खालच्या ओठाकडं असतो. त्यामुळं छत्री दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघते. बरोबर लागलेली छत्री समोरच्या टेकाडाकडं बघत असल्यासारखी वाटते. जावयासारखी उताणी ठेवली तर तिच्यात पाऊस साचतो आणि कोंबड्या पाणी पितात.

मग बाजूची दिशा. जावयाच्या मोबाइलवर होकायंत्र होतं, पण काल तो ते पत्र्यावर ठेवून बघत होता. लोखंडाजवळ होकायंत्र लोखंडाचंच ऐकतं. भाचा अंगणाच्या मध्यात गेला, पाइपापासून लांब, तिथं दिशा घेतली, समोर एक खूण धरली. ती खूण निघाली काकीचा मोह. काकी वईच्या या बाजूला नुसती खाकरली.

बॉक्समध्ये भरायचे आकडे भाच्याला तोंडपाठ होते. एलएनबीला ९७५० आणि १०६००, मग यादीतून एक ट्रान्सपाँडर निवडायचा, तो ११०९०, व्ही, २९५०० घेतो. व्ही म्हणजे लहर उभी. पण ही उभी लहर उपग्रहाच्या हिशेबानं उभी. आपण त्याच्या खूप पश्चिमेला असल्यामुळं आपल्यापर्यंत ती कलून येते, म्हणून एलएनबीसुद्धा त्याच्या पकडीत बराच तिरका फिरवावा लागतो. सरळ उभा ठेवून लोक तासन् तास छत्री हलवत बसतात.

मग पडद्यावर दोन पट्ट्या आल्या. वरची स्ट्रेंथ, खालची क्वालिटी. वरची भरभरून.

"आलं!" सगळं अंगण.

"काही आलेलं नाही," भाचा म्हणाला.

स्ट्रेंथची पट्टी छत्री भिंतीकडं केली तरी बरीचशी भरलेली दिसते. एलएनबी जोडलेला आहे, त्याला वीज पोचतेय, त्याची स्वतःची खरखर खाली येतेय, एवढंच ती सांगते. उपग्रहाचं बोलणं कळतंय का ते सांगते क्वालिटी. ती शून्य म्हणजे शून्य. काकीनं हे ऐकलं आणि वईवरून माझ्याकडं वाकून म्हणाली, "म्हणजे आपल्या पाड्यातले बाप्ये. ग्रामसभेत स्ट्रेंथ बघ एकेकाची." कुणाची क्वालिटी किती यावर आमची थोडी चर्चा झाली, ती इथं लिहिण्यासारखी नाही.

मग भाच्यानं छत्री बोटाच्या पेरानं सरकवली आणि थांबला. पुन्हा सरकवली, पुन्हा थांबला. पोरं कंटाळली. पण कालच्या गोंधळाचं मूळ इथंच होतं. उपग्रहाची खूण पटायला बॉक्सला दोन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात जावयाचा हात पुढं गेलेला असायचा. चित्र यायचं ते तो मागं टाकून आलेल्या जागेचं, आणि आतून "आलं" ऐकू येईपर्यंत छत्री तिसरीकडंच. जिथं आलं तिथं तो कधी थांबलाच नाही.

या वेळी क्वालिटीची पट्टी हलली, चढली, भाच्यानं एलएनबी थोडा फिरवला, आणखी चढली. त्यानं नट आवळले. आवळतानाही छत्री जरा खेचली जाते, म्हणून एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, थोडा थोडा. मग बॉक्सनं चॅनेल शोधली आणि सह्याद्रीवर कुणी तरी भाताच्या बियाण्याविषयी बोलताना दिसलं. सगळं अंगण भाताच्या बियाण्याकडं टक लावून बघत बसलं. जावईसुद्धा.

"दिल्लीहून येतं हे," भाच्यानं पोरांना सांगितलं. "तोडापूरला केंद्र आहे. तिथून वर, मग खाली तुमच्या छत्रीत. पाऊण लाख किलोमीटर होतात जाऊन येऊन."

"आणि मोबाइलला टेकाडापलीकडचा टॉवर सापडत नाही," थोरला म्हणाला.

टॉवर असतो जमिनीवर, त्याच्या आणि आपल्या मध्ये टेकाड येतं. उपग्रह ५७ अंश वर, त्याच्या आड यायला टेकाड केवढं उंच आणि केवढं जवळ असायला हवं! दरीतल्या घराला मोबाइल नसेल, पण छत्री लागते. छत्रीला डोंगर क्वचितच आडवा येतो. आडवं येतं ते झाड. हिशेब सोपा आहे. झाड छत्रीपेक्षा जेवढं उंच, त्याच्या दोन तृतीयांशापेक्षा ते जवळ असेल आणि आग्नेयेला असेल, तर ते मध्ये आलंच. तीस फूट उंच झाड वीस फुटांच्या आत नको.

टाळेबंदीत हे कळलं असतं तर बरं झालं असतं. जुलै २०२० मध्ये सह्याद्रीवर 'टिलीमिली' सुरू झाली होती, पहिली ते आठवीच्या पोरांसाठी. मोबाइलवरच्या शाळेसाठी आमची पोरं टेकाडावर रेंज शोधत फिरत होती तेव्हा ती शाळा डोक्यावरून येत होती. झेलायला छत्री नव्हती. त्याच्याही आधीची गोष्ट माहेरी आमच्या मास्तरांकडून ऐकलेली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह मागून आणून आपल्या सरकारनं २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. छत्र्या दहा फुटांच्या, कोंबडीच्या जाळीच्या. सहा राज्यं होती त्यात, कर्नाटक, आंध्र, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार, ओडिशा. महाराष्ट्र नव्हता. मास्तर हे सांगताना दर वेळी नव्यानं चिडायचे.

तिसरा दिवस होळीचा. २०२५ ची होळी १३ मार्चला. सकाळपासून खालच्या घरी गर्दी. भाकरी थापायला कुणी चुलीपाशी नाही. सव्वाअकराच्या सुमाराला चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला आणि पडद्यावर 'सिग्नल नाही'.

मला बातमी कळायच्या आधी काकी वईपाशी. सूप नाही, पदर खोचलेला.

"माझा मोह तोडायचा म्हणतात!"

"कोण?"

"कोण म्हणजे? जावई. म्हणे मोहाची फांदी मध्ये आली, काल वाऱ्यानं खाली वाकली. कुऱ्हाड शोधतोय. आणि त्याची सासू म्हणते माझी नजर लागली. मी काल वईवरून बघत होते म्हणून! मी काय नवीन बघते का वईवरून?"

मोह ही तोडायची गोष्ट नव्हे. पहाटे टोपली घेऊन फुलं वेचायची, ती वाळवायची, पुढं बियांचं तेल. काकीच्या सासऱ्यानं वाटणीत शेत कमी घेतलं पण मोह सोडला नाही, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक. जावई बाहेरचा, त्याला नाही.

भाचा कुठं तरी होळीची लाकडं रचत होता. तो येईपर्यंत खालच्या अंगणात नजरेवर, फांदीवर, बॉक्सच्या दुकानदारावर आणि भट्टीच्या मालकावरही बोलून झालं होतं. भाचा आला, त्यानं छत्रीला हात लावला नाही. हात डोळ्यांवर धरून वर बघितलं आणि विचारलं, "किती वाजता गेलं?"

"सव्वाअकरा."

"मग येईल. थांबा."

आणि आलं! पाच-दहा मिनिटांत आपोआप. सासूचं म्हणणं, तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या म्हणून आलं. तेही खरं, ओवाळल्या होत्याच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि पुन्हा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस असं होतं. आपल्या छत्रीतून बघितलं तर त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येऊन उभा राहतो. सूर्य नुसता उजेड टाकत नाही, एलएनबीला ऐकू येईल अशी खरखरही करतो, आणि तिच्यापुढं उपग्रहाचा आवाज कसला ऐकू येतो! सूर्य पुढं सरकला की झालं. वसंतात आपल्याकडं सव्वाअकराच्या आसपास, शरदात अकरा वाजायच्या थोडं आधी. यावर इलाज नाही. त्या वेळात छत्री हलवायची नाही एवढाच. लोक नेमकी तेव्हाच हलवतात आणि मग दिवस घालवतात.

मी काकीला हे सगळं वईवर समजावून सांगितलं. तिला वाटलं मी मोहाची बाजू घेते म्हणून रचून सांगते. पण एक गोष्ट तिनं उचलली.

"म्हणजे तो तारा आत्ता सूर्याच्या जागी होता?"

"सूर्य त्याच्या जागी होता."

"तेच ते. मग सूर्य जिथून दिसतो तिथून तारा दिसतो. जिथं सावली, तिथं नाही."

"हो."

काकी वईच्या फाटकातून सरळ खालच्या अंगणात गेली. भांडायला गेली असं सगळ्यांना वाटलं. ती छत्रीपाशी उभी राहिली. मोहाच्या शेंड्याची सावली जरा बाजूला सरकली होती, पण छत्रीच्या कडेवर अजून फांद्यांचं जाळं पडलेलं.

"आत्ता माझा मोह उघडा आहे," ती म्हणाली. "पान नाही, नुसतं फूल. म्हणून दिसतंय तुम्हाला. फूल सरलं की पालवी. पावसाआधी एवढा भरतो की खाली ऊन येत नाही. तेव्हा रोजच जाईल तुमचं चित्र, नजर न लावता."

भाचा गप्प. त्यानं दिशा बरोबर धरली होती, अंतर मोजलं नव्हतं, आणि होळीच्या दिवसांत झाड ओकंबोकं असतं हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. फांद्यांमधून सिग्नल थोडाफार झिरपतो. भरलेल्या ओल्या पानांतून जवळजवळ नाहीच.

"मग तोडायलाच हवा की," जावई म्हणाला.

"छत्री हलव," काकी म्हणाली. "माझ्या झाडाला मुळं आहेत, तुझ्या पाइपाला नाहीत."

पाइपाला काल सिमेंट बसलं होतं, पण ते कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी धुळवडीला, रंग बाजूला ठेवून, काकी सव्वाअकराला खालच्या अंगणात काठी घेऊन हजर. मोहाच्या सावलीची कड जिथं संपत होती तिथं तिनं मातीत रेघ ओढली. मग पानं आल्यावर घेर किती वाढतो ते हातांनी मापून आणखी दोन पावलं सोडून दुसरी रेघ. ही दुसरी रेघ शेळ्यांच्या गोठ्याच्या पलीकडं गेली. तिथं पाइप रोवायचं ठरलं. हे माप याच दिवसांत घेता येतं, किंवा मग शरदात. वैशाखात सव्वाअकराला सूर्य कितीतरी वर चढलेला असतो, तेव्हाच्या सावलीचा इथं उपयोग नाही. भाच्यानं वहीत लिहून घेतलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्या अंगणात सव्वाअकराला जाऊन उभं राहायचं, असा त्याचा आता नवा नेम आहे म्हणतात.

त्या दिवसापासून काकीच्या बोलण्यात तारा आला. मी तिला सांगितलं, हा जीसॅट-१५, इस्रोनं बनवलेला, तीन टनांहून जास्त वजनाचा, फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन रॉकेटनं वर नेला, ११ नोव्हेंबर २०१५ ला, आपल्याकडं पहाटेचे तीन वाजून गेले होते. आणि ती पहाट लक्ष्मीपूजनाच्या दिवसाची.

"दिवाळीला गेला तो परत आला नाही?"

"नाही."

"भट्टीवरच्या पोरांनी बरा कित्ता घेतला."

पण तिच्या मनात दुसरंच चालू होतं. पाच-सात दिवसांनी तिनं सहज म्हणून विचारलं, आमच्या अंगणात कुठं बसेल गं छत्री? म्हणजे मला काही नको, नातवंडं येतात म्हणून. मग मी तिला जे महत्त्वाचं ते सांगितलं. पावसात काय होतं ते आधी, कारण जव्हारचा पाऊस म्हणजे गंमत नाही.

आषाढात आभाळ फुटलं की चित्र जाणार. ही लहर इतकी बारीक की पावसाच्या थेंबांत अडते आणि विखुरते. दोन फुटांऐवजी अडीच-तीन फुटांची छत्री घेतली तर ती जास्त गोळा करते आणि थोडी जास्त तग धरते, पण मुसळधारेत तीही हरते. पाऊस ओसरला की आपोआप येतं. भर पावसात छत्री फिरवायला चढणारा माणूस, मग तो जावई का असेना, त्याला खाली उतरवायचा.

पावसापेक्षा वायरीतलं पाणी वाईट. एलएनबीपाशी जोड उघडा राहिला तर पाणी वायरीच्या पोटातून खाली बॉक्सपर्यंत येतं. जोडावर रबरी टेप घट्ट, आणि वायर घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्यायची, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून बाहेरच ठिबकतं. जोड लावताना मधली तांब्याची तार एकटी हवी. बाहेरच्या जाळीचा एक केस जरी तिला टेकला की सगळं बंद, आणि दोष जातो छत्रीला. बॉक्समधून वर एलएनबीला वीज जाते, म्हणून जोड काढघाल करताना बॉक्सचा प्लग आधी काढायचा. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की प्लगही काढायचा आणि छत्रीची वायरही. वानरांचं काही सांगता येत नाही. ती छत्रीवर बसतात, त्यांना आवडते. आणि गांधीलमाश्या एलएनबीच्या तोंडावर घर करतात, ते रात्री बघायला जाऊ नये.

"आणि ते सरकारचं? फुकट बॉक्स देणार होते ना?"

जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं मंजूर केलं होतं, दुर्गम, आदिवासी आणि सीमेवरच्या भागांत आठ लाखांवर बॉक्स फुकट. काकीनं ते कुठं ऐकलं कोण जाणे. तिनं एवढंच विचारलं, यादी कुठल्या भिंतीवर लागते. मी म्हटलं, लागली की वईवर सांगीन.

एप्रिल उजाडला तशी खालच्या घरी पुन्हा रड. आवडती मालिका दाखवणारं चॅनेलच नाहीसं झालेलं. या वेळी कुणी मोहाचं नाव काढलं नाही. लिलावाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. १ एप्रिलपासून कुणी येतं, कुणी जातं, कुणाची जागा बदलते. एप्रिल २०२२ मध्ये तर चार मोठ्या कंपन्यांनी आपली हिंदी करमणुकीची चॅनेल एकदम काढून घेतली होती. छत्रीला हात लावायचा नाही, बॉक्समध्ये चॅनेल नव्यानं शोधायला लावायची. खालच्या घरच्या नातीनं ते स्वतःच केलं, जावई यायच्या आत.

काकीनं वईवरून सगळं बघितलं. मग मला म्हणाली, "तुझ्या भाच्याला सांग, पाइप घेऊन ये. खड्डा मी खणून ठेवलाय."

"कुठं?"

"मोहाच्या पुढं. माझी छत्री झाडाच्या पुढं राहील, मागं नाही. आणि हे बघ, पैसे मोहाच्या फुलांचे आहेत, तेव्हा पहिलं चॅनेल कुठलं लावायचं ते मी ठरवणार. कुस्त्या लागतात म्हणे एकावर."